खिळ्यावरची निळी पिशवी

आमच्याकडे दर डॉक्टरची वेगळी पिशवी असायची. ठाण्याला कोलशेतच्या घरी स्वयंपाकघराच्या दाराआड दोन खिळे आणि त्यांवर दोन नायलॉनच्या पिशव्या. लाल हार्टच्या डॉक्टरांची, निळी शुगरच्या. शिस्त आईची, पण तिला लावली डॉक्टरांनीच. एकदा हार्टच्या मोठ्या डॉक्टरांपुढे आईने शुगरचे कागद ठेवले, तर त्यांनी ते हातानेच बाजूला सारले. "हे माझं काम नाही. माझे तेवढे कागद आणत जा." तेव्हापासून आई पिशव्यांचं सोवळंओवळं पाळायला लागली.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. अप्पा, माझे वडील, केमिकल कंपनीतून नुकतेच रिटायर झालेले. जिना चढताना छातीत दुखायला लागलं, तर त्याच डॉक्टरांनी अँजिओग्राफी सांगितली. रक्तवाहिनीतून डाय, म्हणजे एक रंगद्रव्य, सोडायचा, की हृदयाच्या नळ्या पडद्यावर दिसतात. मी तेव्हा डोंबिवलीला सासरी. आदल्या संध्याकाळी मुद्दाम आलेले. आई निळी पिशवीही काढायला लागली. तिच्यात महिन्यापूर्वीचा रक्ताचा रिपोर्ट होता, अप्पांची किडनी कमजोर झालीय असं सांगणारा. मी म्हटलं, "अगं, कशाला ते ओझं? परत बोलणी खायचीत का?" तिने पिशवी परत खिळ्याला लावली.

हॉस्पिटलने बजावलेलं, रात्री बारानंतर काहीही घ्यायचं नाही. नंबर सकाळी आठचा. आठाचे बारा झाले, बाराचे तीन. मधेच कोणी बडी असामी आली म्हणे. अप्पा कोरड्या ओठांवरून जीभ फिरवत होते. "घोटभर पाणी दे गं."

"अप्पा, लहान मुलासारखं काय करता! काही नाही म्हणजे काही नाही," मी खेकसले. निर्जळी एकादशी करणारा माणूस, डोळे मिटून बसून राहिला.

मग एक डॉक्टर सहीचा फॉर्म घेऊन आला. बोट ठेवून म्हणाला, "इथे करा." शुगर आहे का, किडनीचा काही त्रास आहे का, एक प्रश्न नाही. मेल्याचं सगळं लक्ष घड्याळाकडे! तपासणीत नळ्या ठीक निघाल्या, गोळ्यांवर भागेल म्हणाले. येताना माजिवड्याला थांबून आम्ही पेढे घेतले.

तिसऱ्या दिवशी लघवी जवळजवळ बंद झाली, तोंड सुजलं. ठाण्यातल्या किडनीच्या डॉक्टरांनी निळ्या पिशवीतला रिपोर्ट पाहिला आणि कपाळाला हात लावला. "वय, शुगर, आधीच कमजोर किडनी, त्यात दिवसभर पाणी नाही. हा डाय यांना बाधणार, हे आधीच सांगता आलं असतं. रात्रभर सलाईन लावायचं, डाय कमीत कमी वापरायचा, नाहीतर तपासणी पुढे ढकलायची."

आधीच सांगता आलं असतं! माझं डोकंच फिरलं. रिपोर्ट घेऊन मी तडक हार्टच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी तो वाचला आणि मलाच विचारलं, "तुम्ही आधी सांगितलं का नाहीत?"

चोराच्या उलट्या बोंबा! कागद बाजूला सारणारा हाच हात आणि हेच तोंड. मी केबिनमध्येच ओरडले, "अहो, हार्ट काय हवेत लटकतं का? त्याच्याखाली माणूस असतो की नाही?" त्यांनी बेल दाबली आणि पुढचा पेशंट आत घ्यायला सांगितलं. आजही ती बेल आठवली की माझ्या मस्तकात तिडीक जाते.

किडन्या परत सुरू झाल्याच नाहीत. आठवड्यातून दोनदा डायलिसिस आणि लघवी होत नाही म्हणून पाणी मोजून. आई सकाळी एक तांब्या भरून ठेवायची, चहा-औषधं धरून दिवसभरात तेवढंच. आता दोन्ही पिशव्यांमधले कागद एकाच पिशवीत असायचे. काय उपयोग!

मे महिन्यात एका दुपारी मी अप्पांजवळ बसलेले. आई झोपली होती. अप्पांनी ओठांवरून जीभ फिरवली. "घोटभर पाणी दे गं."

तांब्या रिकामा होता. "अप्पा, आजचं संपलं," मी म्हटलं.

"हो का? बरं." कुशीवर वळून ते भिंतीकडे बघत म्हणाले, "त्या दिवशी तरी द्यायचं होतंस."

रागाने म्हणाले असते, तर मी भांडले तरी असते.