मांजरीला दिलेली बाळगोळी
मांजरीचा श्वास थांबला आणि ढोरांच्या डॉक्टरने हातातला कापूस अंगणात भिरकावला. क्लोरोफॉर्मचा गोडसर वास ओसरीभर पसरला होता. डॉक्टर मालेगावहून आमच्या बैलाचा खूर पाहायला आला होता. मांजरीच्या पोटात मेलेलं पिल्लू अडकलं होतं, म्हणून सासूने त्याला थांबवलं. "पिशवीच काढा लागते," तो म्हणाला होता. "ईथर पाहिजे होतं, पण नाही. क्लोरोफॉर्म मांजरीले सोसत नाही, थोडंच देतो." आता तिची जीभ बाहेर ओढून तो फासळ्या दाबत होता. "एवढ्याशानं कशी गेली? आधी काही चारलं काय?" मी खरं सांगितलं. कापताना दुखू नये म्हणून मी तिला दुधातून तान्ह्या पोरांना निजवायची अफूची बाळगोळी दिली होती. "मांजरीले अफू देते काय वं?" सासू ओरडली. "किती दिली?" डॉक्टरने विचारलं. "पोरीले देतो तेवढीच. वावरात निंदाले जातानी रोज देतो," मी म्हणाले. त्याचे हात थांबले नाहीत, पण मान पाळण्याकडे वळली. "आजही दिली?" "दिली." "मंग उभी काहून? उठव तिले!" मी पोरीला उचललं, तर तिची मान लोंबत होती. मी तळपायाला चिमटे काढले, तोंडावर पाणी मारलं, गालात दोन ठेवून दिल्या. मांजरीने श्वास घेतला तरी पोर गप्पच होती. मग ती रडली. डॉक्टरने मांजरीची पिशवी पुन्हा क्लोरोफॉर्म न देता अफूच्या गुंगीतच काढली. उरलेल्या गोळ्या मी चुलीत टाकल्या. मांजर पुढे सहा वर्षं जगली. पोरगी अजून आहे.