कॉर्नेल धावत नसे

कॉर्नेल चेंडूकडे पाहत नसे. रविवारी सकाळी आमचा खेळ चालू असताना तो मैदानाच्या कडेला हात मागे बांधून उभा असायचा. सगळ्यांच्या माना चेंडूमागे वळत असत आणि त्याची नजर मात्र जिथे काहीच घडत नाही अशा एखाद्या कोपऱ्यावर. नवख्याला वाटावं, म्हातारा झाडं बघतोय. एकदा मी त्याला याबद्दल विचारलं. "चेंडू कुठे आहे ते सगळ्यांनाच दिसतं," तो म्हणाला. "त्यात बघण्यासारखं काय आहे?"

इंग्लंडमधल्या रीडिंगच्या आमच्या मराठी मंडळाचा एक फुटबॉल संघ आहे. पुण्याचे, मुंबईचे, नागपूरचे, बहुतेक सगळे सॉफ्टवेअरमधले, पोट सुटू लागल्याच्या धास्तीने मैदानावर आलेले. कॉर्नेल आमच्यात आला तो न बोलावता. बायको गेल्यावर तो रोमानियातून इथे मुलीकडे राहायला आला होता. मुलगी, सिमोना, गावात दातांची डॉक्टर. एका रविवारी दोन्ही हातांत सामानाच्या पिशव्या घेऊन तो मैदानाच्या कडेने चालला होता. थांबला, थोडा वेळ पाहिलं, आणि खेळ चालू असताना सरळ मधोमध चालत आला.

"का धावताय?" त्याने विचारलं. "कोणी मागे लागलंय का तुमच्या?"

आम्ही थांबलो. त्याने पिशव्या गवतावर ठेवल्या, चेंडू बुटाने जवळ ओढला आणि मान वर न करता पलीकडच्या टोकाला पाठवला. तिथे आमचा एक गडी बुटाची नाडी बांधत बसला होता. चेंडू त्याच्या गुडघ्याला येऊन अलगद टेकला. तो दचकून उभा राहिला.

"हा मोकळा होता," कॉर्नेल म्हणाला.

"अहो, तो नाडी बांधत होता!" आमचा कप्तान निखिल म्हणाला.

"म्हणजे फारच मोकळा होता."

पुढच्या रविवारी तो पिशव्यांशिवाय आला आणि मग येतच राहिला. त्याला कोणी प्रशिक्षक नेमलं नाही. त्याला हाकलायची हिंमत कोणाला झाली नाही, एवढंच. आमच्या बायका आम्हाला 'अहो' म्हणून हाक मारतात हे ऐकून मराठीत माणसाला असंच बोलावतात, असा त्याने समज करून घेतला आणि तो आम्हा सगळ्यांना, निखिलच्या लहान पोरासकट, 'अहो' म्हणू लागला. माझी बायको वैशाली त्याला कॉर्नेलकाका म्हणे. वयाने तो माझ्या वडिलांच्या बरोबरीचा, पण मला त्याचा उल्लेख मनातही कधी 'ते' असा करता आला नाही. मैदानावर माणूस एकेरीच होतो.

तो कोण होता ते आम्हाला ऑक्सफर्ड रोडवरच्या रोमानियन दुकानात कळलं. मी त्याच्याबरोबर गेलो होतो. रांगेत पुढे उभ्या असलेल्या, सिमेंटचे डाग पडलेल्या पँटमधल्या एका माणसाने वळून पाहिलं आणि हातातला कोबी खाली ठेवला. मग तो रोमानियनमध्ये भराभर बोलू लागला, डोळे भरून आलेले. बोलता बोलता त्याने कोबीलाच पायाने ढकलून काहीतरी करून दाखवलं. दुकानदारही बाहेर आला. कॉर्नेल कपाळाला आठ्या घालून उभा होता.

"काय म्हणतायत ते?" मी विचारलं.

"मी दिलेला एक पास दाखवतोय. चुकीच्या पायाने."

त्या पासची गोष्ट त्याने मला परतताना बसमध्ये सांगितली. एका लहान गावच्या संघात तो मधल्या फळीत खेळायचा. प्लेमेकर, म्हणजे इतरांनी कुठे जायचं ते आपल्या पासने ठरवणारा. देशासाठीही काही सामने खेळला होता. हुकूमशाहीचा काळ. राजधानीतला एक सरकारी संघ त्यांच्या गावी आला. सामना हरायचा आहे असं खेळाडूंच्या खोलीत येऊन सांगण्यात आलं. सगळे हो म्हणाले, तोही म्हणाला. आणि बरोबरी चालू असताना, अगदी शेवटी, त्याने दोन बचावपटूंच्या मधून असा चेंडू सोडला की त्याच्याच संघाच्या पुढच्या गड्याला गोल टाळणंच अशक्य झालं. त्यानंतर त्याला देशाच्या संघात कधीच बोलावलं गेलं नाही.

"तू विरोध केलास," मी म्हणालो. मला भरून आलं होतं.

"छे! विरोध कसला? मी घाबरलेला होतो. पण पास दिसला. दिसलेला पास न देणं मला येत नाही. दुसरी माणसं ते शिकली, मी नाही शिकलो." आणि खिडकीबाहेर बघत, "हा ड्रायव्हर वळणावर फार उशिरा बघतो," असं पुटपुटला.

मला त्याने मधल्या फळीत खेळवलं हा त्याच्या हट्टाचा कळस. मी संघात होतो ते संख्या भरायला. चष्मा, पुस्तकं, कोणाच्या घरी जेवायला गेलो तर कोपऱ्यातली खुर्ची. गोलच्या दोन खांबांमध्ये उभं राहण्यापलीकडे माझ्याकडून कोणाची अपेक्षा नव्हती. मंडळाच्या गणपतीत त्याने मला तासभर पाहिलं आणि रविवारी जाहीर करून टाकलं, "हा मध्ये खेळणार."

"श्रीकांतदादा?" निखिल हसला. "त्यांना धावता येत नाही."

"म्हणूनच." मग माझ्याकडे वळून सगळ्यांसमोर म्हणाला, "अहो, तुला माणसांची भीती वाटते. हॉलमध्ये कोण कुठे उभं आहे, कोण तुझ्याकडे येणार, कुठून सटकता येईल, तुला सगळं माहीत होतं. एकदाही कोणाला धडकला नाहीस. ही फार मोठी गोष्ट आहे. आता हेच इथे कर. फक्त पळून जायच्या ऐवजी तिथे चेंडू पाठव."

पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाच्या भित्रेपणाला आजवर कोणी गुण म्हटलं नव्हतं. मी मध्ये उभा राहिलो. पहिले काही रविवार आम्ही वाईट हरलो. दोष माझाच होता आणि मला बदला अशी मागणी झाली. कॉर्नेल ऐकेना. "चूक पासमध्ये नाही," तो म्हणे, "तुम्ही जिथे असायला हवं तिथे नाही आहात." हळूहळू ते तिथे असू लागले. आम्ही जिंकू लागलो असं मी म्हणणार नाही. पण आमचा खेळ बघायला कुत्री फिरवणारी माणसं थांबू लागली.

मग जाकिटं आली. निखिल कामानेही आकडेवारीतला आणि मनाने उदार. स्वतःच्या पैशाने त्याने सगळ्यांसाठी धाव मोजणारं यंत्र बसवलेली ती जाकिटं मागवली. कोण किती पळालं, किती वेगाने पळालं, सगळं खेळ संपताच फोनवर येई. ग्रुपवर रंगीत तक्ता पडायचा. माझं नाव नेहमी तळाशी.

"दादा, मैदानावर होता की गाडीत?" एकाने विचारलं. सगळे हसले, मीही हसलो.

कॉर्नेलने निखिलच्या हातातून फोन घेतला, लांब धरून वाचला आणि परत दिला. "तुमच्या गल्लीतला पोस्टमन यापेक्षा जास्त चालतो," तो म्हणाला. "त्याला घ्या संघात. पत्रं तरी वेळेवर पोहोचतील."

निखिलला ते लागलं. पण तो मनात धरून ठेवणारा नव्हता. कॉर्नेलला फुफ्फुसाचा आजार निघाला तेव्हा हॉस्पिटलच्या फेऱ्या त्यानेच जास्त मारल्या, हेही मला इथे सांगायला हवं.

हॉस्पिटलात कॉर्नेलच्या खाटेशेजारी शुभेच्छापत्रांची रांग लागली होती. प्रत्येकावर तेच: लढत राहा, तू लढवय्या आहेस. त्याने मला ती सगळी उपडी ठेवायला लावली.

"मी कधी लढलो?" त्याला दम लागत होता, तरी आवाज चढलाच. "लढणारे मागे खेळतात. त्यांचा मान आहे. पण ते मी नव्हे. आयुष्यभर मला सांगत आले, कॉर्नेल, लढ, कॉर्नेल, धाव. आता मरतानाही तेच?"

"लोक प्रेमाने लिहितात," मी म्हणालो.

"प्रेमाने लिहितात, पण कोणाबद्दल लिहितात?"

मार्चमध्ये तो गेला. चर्चमध्ये सिमोनाने सगळ्यांना गोड गव्हाचा प्रसाद दिला. त्यांच्याकडे मेलेल्याच्या नावाने शिजवतात तो. चव आपल्या खिरीच्या इतकी जवळची होती की वैशालीला रडू आवरेना. दुकानातला तो सिमेंटवाला माणूसही आला होता. ओळखीचा नसूनही मला घट्ट मिठी मारून गेला.

महिन्याभराने मंडळाची सभा भरली. निखिलने पडद्यावर कॉर्नेलचा तरुणपणीचा फोटो लावला. दाट केस, शर्ट बाहेर आलेला, आणि अर्थातच नजर भलतीकडे. मग त्याने खोक्यातून चांदीच्या रंगाचा करंडक काढला. कॉर्नेल स्मृती करंडक. हंगामात जो सर्वांत जास्त अंतर धावेल त्याला दर वर्षी मिळणार. खाली इंग्रजीत कोरलेलं होतं: तो कधीच धावायचा थांबला नाही.

टाळ्या झाल्या. सिमोना पुढच्या खुर्चीवर होती. ती सभ्यपणे हसली. परक्या माणसांनी आपल्या वडिलांसाठी एवढं केलं म्हटल्यावर माणूस दुसरं काय करणार?

मी नेहमीप्रमाणे मागे, दाराजवळ बसलो होतो. आता गप्प राहिलो तर काय होईल ते मला स्पष्ट दिसत होतं. दहा वर्षांनी त्याला न पाहिलेली मुलं तो करंडक उचलतील आणि त्यांना वाटेल, कॉर्नेल म्हणून एक खूप धावणारा माणूस होता. त्याच्यामागे राहण्यासारखं जे होतं, ते त्याच्याच नावाखाली पुरलं जाईल.

मी उभा राहिलो. "नाही," म्हणालो. आवाज फाटला, म्हणून पुन्हा म्हणालो, "नाही. हे चालणार नाही."

माना वळल्या. अध्यक्षा नीलाताईंनी हाताने बसायची खूण केली. "श्रीकांत, अहो, चांगल्या भावनेनं केलंय ना त्याने. घ्या समजून."

"भावना चांगली आहे, ताई. माणूस चुकीचा आहे."

"दादा, कोरून झालंय," निखिल म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता. "आणि मग कशावर द्यायचा? काहीतरी मोजायला तर हवं ना?"

"जे मोजता येत नाही ते त्याचं होतं. धावणाऱ्याला बक्षीस जरूर दे, मी टाळ्या वाजवीन. पण त्याला तुझं नाव दे, माझं दे, पोस्टमनचं दे. त्याचं नको. तो धावत नसे. कोणी सांगितलं म्हणून नाही, कोणी रागावलं म्हणून नाही, मरताना विनवलं तरी नाही. एवढी एक गोष्ट त्याने सांभाळली, ती आपण त्याच्याकडून काढून घ्यायची?"

सिमोनाला मराठी कळत नव्हतं. वैशाली तिच्या कानाशी वाकून सगळं सांगत होती. ऐकता ऐकता तिचं ते सभ्य हसू मावळलं आणि ती उठली.

"माझे वडील आयुष्यात एकदा धावले," ती म्हणाली. "मी जन्मले त्या दिवशी. आणि चुकीच्या हॉस्पिटलात पोहोचले."

आधी निखिल हसला. मग सगळा हॉल. हसतानाच त्याने डोळे पुसले आणि करंडक खोक्यात ठेवला.

खालची ओळ त्याने घासून काढून आणली. नाव तेवढं राहिलं. कोणाला द्यायचा यावर पुन्हा सभा झाली. सर्वाधिक गोल, सर्वाधिक हजेरी, उत्तम वर्तन, एकेक सूचना आली आणि प्रत्येक वेळी मी उभा राहिलो. शेवटी नीलाताई वैतागून म्हणाल्या, "मग काय कोणालाच द्यायचा नाही?"

"कोणालाच नाही," मी म्हणालो.

करंडक हॉलच्या कपाटात आहे. पाहुण्या संघातलं कोणी विचारलं, यंदा कोणी जिंकला, तर निखिलच सांगतो की तो अजून कोणाला मिळालेला नाही, तसा खेळणारा सापडला तर बघू. ते चकित होतात आणि मग विचारतात, कसा खेळायचा तो? तिथून पुढे निदान पंधरा मिनिटं कॉर्नेलची गोष्ट चालते.

पुढच्या महिन्यात वार्षिक सभा आहे. करंडक असा रिकामा ठेवणं बरं दिसत नाही, असा प्रस्ताव नव्या सभासदांनी आणला आहे. मी लवकर जाऊन पहिल्या रांगेत बसणार आहे.