दुसऱ्या मजल्याची ओळ

पनवेलला दस्तनोंदणीच्या कचेरीसमोर एका वकीलसाहेबांच्या ऑफिसात मी सव्वीस वर्षं दस्त टाइप करते आहे. खरेदीखतं, मृत्युपत्रं, पण सगळ्यांत जास्त हक्कसोडपत्रं. आमच्या आगरी घरांतली रीतच तशी. बापाच्या जमिनीवरचा हक्क बहिणीने भावासाठी सोडायचा आणि भावाने तिला साडी द्यायची. सही करायला आलेल्या प्रत्येक बाईला मी सांगायचे, "आधी नीट वाच. तुझ्या राहण्याचं काय ते लिहून घे, मग सही कर." बायका हसायच्या. "भावाकरशी काय लिवून घ्याचा गो?" मी त्यांना मनातल्या मनात मूर्ख म्हणायचे. कधी कधी तोंडावरसुद्धा.

माझं स्वतःचं हक्कसोडपत्र मीच टाइप केलं.

आमची भातशेती आणि मिठागर सरकारने नव्या शहरासाठी घेतलं, त्याच्या बदल्यात गावाशेजारी साडेबारा टक्क्यांचा प्लॉट, म्हणजे गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के, मिळायचा होता. मिळायचा म्हणजे मालकीने नव्हे. जमीन शहर वसवणाऱ्या महामंडळाचीच, आपल्याला साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याने. आईवडील दोघंही गेलेले, वारस आम्ही दोघंच, मी आणि माझ्याहून नऊ वर्षांनी लहान भाऊ. तो म्हणाला, "ताय, एकाच नावानं पट्टा झाला तर काम लवकर व्हतं. तू हक्क सोड. घर बांदू, वरचा मजला तुजा."

माझा नवरा नुकताच गेला होता. त्याच्या तळोज्याच्या कारखान्यातून जे काही मिळालं ते मी घरात घालणार होते. तेव्हा दस्त टाइप करताना मी एक ओळ घातली. या प्लॉटवर जे घर होईल त्यातल्या दुसऱ्या मजल्यात बहिणीला तहहयात राहण्याचा हक्क राहील. अशी ओळ मी इतरांसाठी किती वेळा टाइप केली होती, बोटांना पाठ होती.

भाऊ माझ्या खुर्चीमागे उभा राहून वाचत होता. ओळ पाहिली आणि त्याचा चेहरा उतरला. "ताय, माज्यावर भरोसा नाय?"

एवढंच म्हणाला. आणि मला माझीच लाज वाटली. ज्याला मी कडेवर घेऊन फिरले, हात धरून पाटीवर अक्षर गिरवायला शिकवलं, त्याच्याकडून मी लिहून घेत होते! मी ती ओळ खोडली. कॉम्प्युटरवर खोडलेल्याची खूणही राहत नाही. दुसऱ्या दिवशी निबंधकाच्या कचेरीत अंगठा दिला, फोटो निघाला, आणि बाहेर येऊन त्याने मला निळी साडी दिली. घरी येताना आम्ही दोघांनी उसाचा रस घेतला. मला फार बरं वाटत होतं, हे खोटं कशाला सांगू.

घर झालं. वरचा मजला माझ्या पैशांनी उभा राहिला, पण विटा, रेती, लाद्या सगळ्यांच्या पावत्या भावाच्या नावाने, कारण पट्टेदार तो. लाइटचं मीटरही त्याच्याच नावाचं. मी इतकी वर्षं कागदांत घालवली आणि माझ्या घराचा एक कागद माझ्या नावाचा नव्हता. पण मी तिथे चौदा वर्षं सुखाने राहिले. गच्चीवर बोंबील वाळत घातले, भाचरांचे अभ्यास घेतले. खालून भावजय हाक मारायची आणि मी वरून कालवणाचं पातेलं घेऊन उतरायचे.

गेल्या महिन्यात एका बिल्डरचा कच्चा मसुदा त्याच्या वकिलाकडून नुसता टाइपिंगला माझ्या टेबलावर आला. प्लॉट मोठ्या इमारतीसाठी द्यायचा, महामंडळ, पट्टेदार आणि बिल्डर असा तिघांचा करार. असे करार रोज येतात. मी नावांकडे लक्ष न देता टाइप करत गेले आणि चतुःसीमेपाशी थांबले. पूर्वेस आमच्या शेजाऱ्यांचा प्लॉट, पश्चिमेस गावदेवीच्या देवळाचा रस्ता. हा माझ्या भावाचा प्लॉट, हे साहेबांना काय माहीत! माझं आडनाव सासरचं.

अकराव्या कलमाच्या बाजूला पेनाने एक ओळ वाढवली होती. "दुसऱ्या मजल्यावर पट्टेदाराची बहीण केवळ त्याच्या परवानगीने राहत असून तिचा कोणताही हक्क नाही व ती ताबा सोडण्यास तयार आहे."

भाषा दुसऱ्या कुणी सांगितलेली, पण अक्षर भावाचं. पाटीवर मी गिरवून घेतलेलं, उजवीकडे कललेलं. मी ती ओळ टाइप केली. एकही चूक झाली नाही. मग मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं आणि तिथेच उभी राहून रडले. केसाने गळा कापतात म्हणजे काय, ते मला त्या दिवशी समजलं.

साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "मजला तुम्ही बांधलात, याचा काही पुरावा?"

"नाही."

"हक्कसोडपत्रात राहण्याचा हक्क ठेवला होता?"

"ठेवला होता. मग मीच काढला."

साहेबांनी हातातली फाइल मिटली. मग म्हणाले, "बाई, पट्टा त्याच्या एकट्याच्या नावावर आहे. तुमच्या हातात आज फक्त ताबा आहे. बिल्डरला तुमची संमती लागेल. ती देऊ नका आणि घर सोडू नका. दावा लावू, पण कधी संपेल ते सांगत नाही."

रविवारी भाऊ वर आला. एका हातात संमतीचा कागद, दुसऱ्या हातात साडीची पिशवी. मी चहा केला. त्याने कागद पुढे केला आणि सहीची जागा बोटाने दाखवली. मी चष्मा लावून पहिल्या शब्दापासून मोठ्याने वाचायला लागले. तो चुळबुळ करत राहिला. यातही तीच ओळ होती. तिच्याशी आले तेव्हा मी विचारलं, "हे कुणी लिहिलं?"

"वकिलानं. मना काय कलतं त्यातला?"

"तुझं अक्षर मी ओळखत नाही का रे? तुझ्या हातचा कागद माझ्या टेबलावर आला होता. ही ओळ मी टाइप केली आहे."

त्याची मान खाली गेली. मला वाटलं, आता हा रडेल, ताय चुकलो म्हणेल. खरं सांगते, तेवढं म्हणाला असता तर त्या क्षणी मी सहीसुद्धा केली असती.

त्याने चहा संपवला आणि मान वर केली. "टाइप केलीस ना? मग सही कराला काय झायला?"

मी पेन त्याच्यासमोर ठेवलं. "नाही करणार."

तो उठला. कागदाची घडी घालून खिशात ठेवली. दारापर्यंत गेला, परत आला आणि खुर्चीवरची साडी उचलून घेऊन गेला.