निरशा दुधाचं तीर्थ

पहाटेची वेळ. गवळ्यानं नुकतंच आणून दिलेलं दूध वृंदा पितळी तांब्यात ओतते, तांब्या देव्हाऱ्यासमोर ठेवते आणि बंबातलं पाणी तापेपर्यंत म्हणून भिंतीला पाठ टेकते. सहावा महिना लागलाय. परवापासून अंगात कसकस आहे. रात्री घाम फुटतो, सकाळी अंग निवतं. गर्भारपणात असायचंच, असं म्हणून तिनं कुणाला सांगितलेलं नाही. हात पोटावर आहे. ओठांत बाळकृष्णाचं नाव चालू आहे, आणि त्यातली अक्षरं एकेक करून सैल पडत जातात.

"अगं, सरक की जरा."

वृंदा सरकते, आणि मग वळून बघते. शेजारी कुमुदअक्का बसल्यात. तिच्या थोरल्या जाऊबाई. दोन वर्षांपूर्वी सातव्या महिन्यात तापानं गेलेल्या, पोटातल्या बाळासकट. अंगावर ओटभरणाची हिरवी साडी. केस ओले.

"अक्का, तुम्ही..."

"पोट बरंच पुढं आलंय गं! की सासूबाईंनी नुसते लाडूच कोंबलेत?"

हसणं तेच, खट्याळ. याच अक्का दुधावरची साय बोटानं ओढून खायच्या आणि सासूबाईंनी विचारलं की मांजरावर ढकलायच्या. वृंदालाही हसू फुटतं. पण देव्हाऱ्यामागची भिंत आता भिंत राहिलेली नाही. तिथं गव्हाण आहे, ओल्या कडब्याचा वास आहे. तांबूस कपिला गाय मान खाली घालून उभी आहे. अभिषेकाला हिचंच दूध, असा घरचा शिरस्ता. तिच्या पायाशी पोत्याखाली काहीतरी झाकलंय.

"बघू नकोस," अक्का म्हणतात. मग हळूच, "गाभडली गं, दिवस भरायच्या आतच. मागंही गाभडली होती, मी होते तेव्हा."

"गवळी कधी बोलला नाही."

"आपण कधी विचारलं? कपिला म्हटल्यावर नुसते हातच जोडले."

पायाखालचं शेण थंड पडतं, गुळगुळीत होतं. फरशी. हिरवा पडदा, सलाइनची बाटली. खाटेवर अक्का निजल्यात, आणि वृंदाचा हात धरून शेजारी उभ्याही अक्काच. डॉक्टरीणबाई विचारताहेत, "कच्चं काही खाण्यात आलं होतं? न उकळलेलं दूध वगैरे?"

"छे हो," सासूबाईंचा आवाज येतो. "आमच्याकडं सगळं सोवळ्यातलं."

खाटेवरच्या अक्काही मान हलवतात. नाही.

वृंदा शेजारच्या अक्कांकडं वळते. "पण अक्का, तुम्ही तर रोज तीर्थ घ्यायचात. वाटीभर. निरशा दुधाचं."

"घ्यायचे की. तू घेतेस तसंच."

"मग सांगितलं का नाही?"

अक्का टक लावून बघतात. "तीर्थाला कुणी खाणं म्हणतं का गं? तू म्हणालीस?"

वृंदाला आठवतं. गेल्या सोमवारी याच डॉक्टरीणबाईंनी तिलाही हेच विचारलं होतं. भाज्या मिठाच्या पाण्यात धुते, उघड्यावरचं खात नाही, शिळं तर नाहीच. सगळं तिनं हौसेनं सांगितलं. आणि निरसं दूध? छे, असं ती अगदी मनापासून म्हणाली होती. सकाळच्या तीर्थाची चव जिभेवर असताना.

"म्हणजे देवानंच..." वृंदा पुटपुटते.

"देवाला कशाला मध्ये ओढतेस?" अक्का फटकारतात. "दुखणं गाईचं, चूक आपली. दूध उकळलं असतं तर आज तुझं डोहाळजेवण मी केलं असतं."

"पण उकळलेलं अभिषेकाला चालत नाही. माझा नेम आहे, अक्का."

"साय-लोणी चोरून खाणारं पोर ते! त्याला साय चालत नाही, हे तुला त्यानं सांगितलं?"

वृंदाचा हात पोटावर जातो. मग आतून काहीतरी सुटल्यासारखं ती बोलून जाते, "अक्का, मला ताप येतोय."

अक्कांचं हसू मावळतं. त्या पदर खोचून उठतात. "आण तो तांब्या इकडं."

वृंदा दचकून जागी होते. समोर देव्हारा आहे, भिंत भिंतीच्या जागी आहे. पोटात बाळ कूस बदलतं. घरात कुणी उठलेलं नाही. स्वयंपाकघरातली शेगडी रात्री पुसून ठेवलेली, तशीच थंड. ती तांब्याला हात लावते आणि चटका बसून हात मागं घेते.

दुधावर जाड साय धरलीय. एका कडेला बोटानं ओढून नेलेली.

ती भिंतीला धरत आतल्या खोलीत जाते आणि नवऱ्याचा खांदा हलवते.

"अहो, उठा. दवाखान्यात जायचंय. ताप आहे मला. आणि मी काय काय खाते ते बाईंना सांगायचंय."

"सोमवारी सांगितलंस की सगळं," तो झोपेतच म्हणतो.

"तीर्थ राहिलं," वृंदा म्हणते.