हापशावरची आंघोळ

मी एका जिवंत बाईला मेली म्हणून सांगितलं. चुकून नव्हे, ठरवून.

अमेरिकेतल्या विद्यापीठात प्रवेश मिळाला तेव्हा वडिलांनी जामनेरच्या बाजारात पेढे वाटले होते. मुंबईच्या वकिलातीतल्या व्हिसाच्या खिडकीमागच्या साहेबानं माझे कागद नीट पाहिलेही नाहीत. "तुम्ही परत येणार नाही," एवढंच म्हणून पासपोर्ट सरकवला. त्याच्या भुवईतला पांढरा पट्टा माझ्या डोळ्यांत रुतून बसला. गावात माझं नावच बदललं. "काय अमेरिका, विमान चुकलं का?" टपरीवर रोज हेच. शेवटी गाव सोडलं आणि धुळ्याला, देवपुरातल्या एका कॉलेजात नोकरी धरली.

बऱ्याच वर्षांनी प्राचार्यांनी बोलावलं. एक निवृत्त अमेरिकन मुत्सद्दी आलेत, त्यांना साक्रीकडच्या खेड्यात न्या. खुर्चीतल्या माणसाची भुवई पाहिली आणि माझे कान तापले. त्यानं मला ओळखलं नाही. ते जास्त लागलं.

तरुणपणी कोंबडीपालन शिकवायला तो त्या खेड्यात राहिला होता. तेव्हा त्याला जेवू घालणारी जी अक्का होती, तिला भेटायला तो आला होता. त्याला न्यायच्या आदल्या दिवशी मी जाऊन चौकशी करून आलो. म्हातारी ओट्यावर बसली होती. "मना पोऱ्या उना? लई ये त्याले. नागलीन्या भाकरी टाकसू." त्याला घेऊन ये, नाचणीच्या भाकरी करते, असं तिनं दोनदा बजावलं.

जीपमध्ये तो आपली नोकरी सांगत होता. मुंबई, मग आफ्रिका, शेवटी कुठल्याशा राजदूताचा उजवा हात. "अक्काला म्हणालो होतो, परत येईन. मुंबईत होतो तेव्हाही जमवलं नाही."

आणि हा मला म्हणाला होता, तुम्ही परत येणार नाही!

साक्री मागे पडल्यावर मी जीप थांबवायला लावली. "साहेब, सांगायचं धाडस होत नव्हतं. अक्का गेल्या. गेल्या पावसाळ्यातच."

त्याचं तोंड उतरलं. खरं सांगतो, मला गोड वाटलं. मग तो उतरला आणि रस्त्याकडेच्या हापशाखाली कपड्यांसकट बसला. "आपलं माणूस गेल्याचं कळलं की डोक्यावरून पाणी घ्यायचं. अक्कानंच शिकवलं होतं. जरा हापसता का?"

मी हापसत राहिलो. तो कुडकुडत होता.

अक्काशिवाय त्या गावात जायला नको, म्हणत त्यानं तिथूनच जीप वळवायला लावली आणि संध्याकाळी तो मुंबईला गेला. दुसऱ्या दिवशी मी एसटीनं अक्काकडे गेलो आणि सगळं सांगितलं.

"त्यानी मना नावनी आंघोय करी? अनी तू माले जित्ती मारी टाकं, मुडद्या!" मग पदर सावरत उठली. "चाल. आते त्याले सांग."

साक्रीच्या एसटीडी बूथवरून मुंबईतल्या त्याच्या हॉटेलात फोन लावला. अक्का माझी बाही धरून उभी होती.

"साहेब, अक्का जिवंत आहेत. मी खोटं बोललो. व्हिसाच्या खिडकीवर तुम्ही एकदा मला परत पाठवलं होतं, त्याचा सूड घेतला. माझं चुकलं. मला माफ करा."

पलीकडून काही यायच्या आत अक्कानं रिसीव्हर माझ्या हातातून ओढून घेतला.