खालच्या काकूंना ऐकू न आलेलं माझं मशीन

मंडळी, आज मी जिंकले!

मी घरातली पहिली पदवीधर, तीही भूशास्त्राची. कोथरूडच्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत मी दगड गुळगुळीत करणारं मशीन बसवलंय. ते दिवसरात्र फिरतं. खालच्या काकूंची आणखी एक तक्रार आली तर मशीन विकायचं, असं आईनं बजावलं होतं.

आवाज दाबायला आईनंच त्याला गोधडी गुंडाळली. मोटर इतकी तापली की मी घाबरून प्लग काढला. मग गोधडी काढून खाली जाड रबर घातलं, मशीन भिंतीपासून सरकवलं आणि भोवती हवा खेळती ठेवली.

आज सकाळी काकू दारात.

"काय गं, दगडांना सुट्टी दिलीस वाटतं?"

"नाही काकू, चालूच आहे."

त्या थेट बाल्कनीत आल्या. "आणि धूळ?"

"सगळं पाण्यातच घासते. कोरडी धूळ फुफ्फुसात जाते. गाळही बादलीत साठवते, नाहीतर तुमचाच पाइप तुंबेल."

"बरं. चालू दे."

त्या गेल्यावर आई म्हणाली, "आता कपडे कुठे वाळत घालायचे, तेवढं सांग."

म्हणजे मशीन राहणार!

तुम्ही तुमचा छंद घरच्यांच्या गळी कसा उतरवलात?