आमच्या घराण्यात व्यसनी नाही
लेबनॉनमधल्या झहले गावातल्या आमच्या गल्लीत नुहादबाई शिरल्या की लोक खिडक्या लावून घेतात आणि फटीतून बघत राहतात. पोलिसांची गाडी एक वेळ चुकून येऊ शकते, समाजसेविका कधीच चुकून येत नाही. अमली पदार्थांसह पकडलेल्याला तुरुंगाऐवजी उपचाराला पाठवायचं का, हे त्यांच्या अहवालावर ठरतं. त्यासाठी तो खरोखर व्यसनी असावा लागतो, आणि आमच्याकडच्या घरंदाज कुटुंबांत व्यसनी सापडणं फार कठीण.

गल्लीतल्याच तानियूसच्या खिशात पोलिसांना पावडर सापडली. त्याच्या आईने, म्हणजे उम्म तानियूसने, चौकशीला आलेल्या नुहादबाईंपुढे ठेवणीतल्या कपात कॉफी ठेवली. त्याचे थोरले नसरी काका टाय लावून बसले होते.

"माझा मुलगा आणि व्यसनी?" उम्म तानियूस म्हणाली. "जीभ झडेल म्हणणाऱ्याची! ती पुडी गिऱ्हाइकाला द्यायची होती."

"व्यापार आमच्या रक्तातच आहे," काकांनी अभिमानाने भर घातली. "शिवाय त्याच्या बहिणीचा साखरपुडा आलाय. जरा जपून लिहा, बाई."

नुहादबाईंनी कॉफी संपवली. अशा घरांतली कडू कॉफी पिऊन पिऊन त्यांना पित्ताचा त्रास जडला आहे.

"छान. मग विक्रेता लिहिते. विक्रेत्याला उपचार नसतात, सक्तमजुरी असते. बरीच वर्षं."

"मजुरी? अहो, तो जेवल्यावर स्वतःचं ताट उचलत नाही!"

"शिकेल तिथे."

"पण घराण्याचं नाव तरी—" काका बोलू लागले.

"तुम्ही गप्प बसा हो भाऊजी!" उम्म तानियूसचा बांध फुटला. "लिहा, बाई. दोन वर्षं घेतोय. माझ्या बांगड्या गेल्या. अंग थरथरायला लागलं की मी त्याला कवटाळून बसते. लिहा, व्यसनी आहे माझा मुलगा."

तेव्हा कुठे नुहादबाईंनी पेन उघडलं.

तानियूसला उपचाराला पाठवलं. साखरपुडाही थाटात झाला, कारण नवरदेवाकडच्यांना सांगितलं, भाऊ नोकरीसाठी ब्राझीलला गेलाय. हे ब्राझील डोंगरापलीकडे तासाभरावर आहे हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. पण आम्ही सभ्य माणसं. "तिकडची हवा मानवली ना?" एवढंच विचारतो.

नुहादबाई त्याला भेटायला निघाल्या की उम्म तानियूस त्याच्यासाठी किब्बेचा, म्हणजे खिम्याच्या वड्यांचा, डबा देते. पहिले काही डबे तसेच भरलेले परत आले. परवा मात्र झाकण उघडताच ती गॅलरीतून ओरडली, "सगळं खाल्लं गं! पोरानं सगळं खाल्लं!"

सकाळी गेलेला डबा संध्याकाळी ब्राझीलहून परत कसा आला, हे कुणीही विचारलं नाही.